पेटंटची परीक्षा आणि आपला हुन्नर

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



परीक्षा हा आपल्या घराघरांतला रोजचा विषय आहे. आज मी ज्या परीक्षेबद्दल बोलणार आहे, तिला विद्यार्थी बसत नाही, त्याने केलेली वस्तू बसते. ही परीक्षा म्हणजे पेटंटची तपासणी. आपल्या राहू-पारगाव-केडगाव पट्ट्यात गॅरेज, वेल्डिंग, मोटार रिवाइंडिंग, लेथ यांवर पोट भरणारी कितीतरी कुटुंबे आहेत. हातात हुन्नर आहे, डोक्यात युक्ती आहे. परंतु ती युक्ती कागदावर कशी मांडावी आणि कायद्याने आपली कशी करावी, हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून एकच यंत्र डोळ्यांसमोर ठेवून ही गोष्ट समजून घेऊ. ते यंत्र म्हणजे प्रोजेक्टर.

जत्रेतल्या तंबूतला सिनेमा वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्या प्रोजेक्टरमध्ये दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये विजेची ज्योत पेटवीत. तिची उष्णता एवढी, की दिव्याच्या पेटीवर धुराडे बसवून गरम हवा बाहेर काढावी लागे. पडद्यावर जितका उजेड हवा, तितकी पेटीत धग, हे ऑपरेटरला पुस्तक न वाचताही माहीत होते.

आजच्या अनेक प्रोजेक्टरमध्ये दिव्याऐवजी निळा लेसर असतो. हा लेसर एका फिरत्या चकतीवर पडतो. चकतीवर फॉस्फर नावाचा पदार्थ लावलेला असतो, तो निळ्या उजेडाचे पिवळ्या उजेडात रूपांतर करतो. लेसर सतत एकाच ठिकाणी पडला तर ती जागा जळेल, म्हणून चकती फिरती ठेवतात. तरीही फॉस्फर तापतोच, आणि जास्त तापला की त्याचा उजेड कमी होतो. पंख्याने वारा घालावा तर वाऱ्याबरोबर धूळ येते आणि चकतीवर व भिंगांवर बसते. धूळ नको म्हणून पेटी बंद करावी तर आतली उष्णता आतच कोंडते. धूळही नको आणि धगही नको, असा हा पेच आहे. तो सोडविण्याच्या अनेक युक्त्यांवर जगभरात पेटंटचे अर्ज झाले आहेत.

उष्णता घालविण्याचे मूळ तत्त्व आपल्याला परके नाही. आपल्याकडच्या गुऱ्हाळात काहिलीतला पाक उतरला की तो पसरट वाफ्यात ओततात आणि घोटतात. पसरल्यामुळे हवेला जागा जास्त मिळते, घोटल्यामुळे खालचा गरम भाग वर येतो, आणि पाक लवकर निवतो. प्रोजेक्टरमध्ये धातूच्या पातळ पट्ट्या बसवितात, त्या वाफ्याचे काम करतात; आतली हवा फिरविणारी पाती घोटणाऱ्याचे. आता प्रश्न असा, की "पसरविले की निवते" यावर कोणी पेटंट मागितले तर मिळेल काय? मुळीच नाही. ते साऱ्या जगाला माहीत आहे. पेटंट मिळते ते त्या तत्त्वाचा वापर करणाऱ्या नव्या, नेमक्या रचनेला.

येथे एक घोटाळा दूर करतो. वस्तूच्या दिसण्याला, म्हणजे आकार, नक्षी, घाट यांना संरक्षण देणारा कायदा वेगळा आहे. तो 2000 सालचा डिझाइन कायदा. वस्तू काम कशी करते, याला संरक्षण देतो 1970 चा पेटंट कायदा. तो 20 एप्रिल 1972 पासून अमलात आला. थंड करण्याची रचना कितीही सुबक दिसली, तरी तिचे काम हेच तिचे मोल असेल, तर तिची जागा पेटंटमध्ये आहे.

तपासणीत मुख्य प्रश्न तीन. वस्तू नवी आहे काय? त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचण्यापलीकडचे त्यात काही आहे काय? ती उद्योगात उपयोगी पडेल काय? पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नापेक्षा दुसरा अवघड. बहुतेक वाद तेथेच होतात.

उदाहरणासाठी समजा, एका तरुणाने अर्ज केला: फिरती चकती बंद पेटीत, चकतीच्या पाठीला पाती, आणि पेटीच्या बाहेर धातूच्या पट्ट्या. तपासनीस जुनी कागदपत्रे शोधतो. एका कागदात बंद पेटी व बाहेरच्या पट्ट्या सापडतात. दुसऱ्यात फिरत्या भागाला पाती लावून आतली हवा खेळविलेली दिसते. तो लिहितो, "ही दोन्ही एकत्र करणे जाणकाराला सहज सुचेल, म्हणून हरकत." आता "आमचे यंत्र फार चांगले चालते" एवढे उत्तर पुरत नाही. पात्यांचा बाक कोणता, लेसर पडतो त्या जागेपासून ती किती अंतरावर, त्यामुळे तापमान किती अंशांनी उतरले, आणि हे त्या दोन कागदांवरून का सुचले नसते, हे दाखवावे लागते. दावा रुंद असेल तर तो आवळून नेमका करावा लागतो.

आणि येथेच खरी मेख आहे. दावा आवळता येतो, पण पहिल्या तपशीलपत्रात जे लिहिलेच नाही, ते मागाहून घुसडता येत नाही. पात्यांचा बाक पहिल्या दिवशी लिहिला नसेल, तर हरकत आल्यावर तो दाखवून सुटका होत नाही. वस्तू उत्तम, पण लिखाण अपुरे, म्हणून अर्ज बुडू शकतो.

कारागिरांना जवळचे वाटेल असे एक खरे प्रकरण सांगतो. उत्तर प्रदेशातील मिर्झापूर भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे लेथवर भांडी घासताना ती निसटून उडत आणि कामगाराला धोका होई. भांडे पक्के धरून ठेवणाऱ्या एका सुधारणेवर 1951 चे पेटंट मिळाले होते. त्यावरून दोन कारखान्यांत खटला चालला आणि डिसेंबर 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पेटंट रद्द ठरविले. सुधारणा उपयोगी असेल, पण ती कारखान्यातल्या कुशल कारागिराच्या नेहमीच्या कौशल्यापलीकडे जात नाही, असा निकाल पडला. उपयोगी असणे आणि शोध असणे यांत फरक आहे, हे या निकालावरून शिकावे.

जुनी माहिती म्हणजे केवळ इंग्रजी कागद, असेही समजू नका. मार्च 1995 मध्ये हळदीने जखम भरण्याच्या उपयोगावर अमेरिकेत पेटंट दिले गेले. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. त्या वेळी परिषदेचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे माजी संचालक. परिषदेने 32 संदर्भ पुढे ठेवले. त्यांत संस्कृत आणि हिंदीबरोबर उर्दू ग्रंथही होते. 1997 मध्ये ते पेटंट रद्द झाले. ज्या घरात जुने उर्दू किताब असतील, त्यांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी विचार करावा.

आता व्यवहाराच्या गोष्टी. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. ते अँटॉप हिल येथे आहे. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केल्यास मूळ शुल्क 1600 रुपये आणि तपासणीच्या विनंतीचे साधारण शुल्क 4000 रुपये. वकिलाचा वा एजंटाचा खर्च वेगळा. काम अपुरे असेल तर प्राथमिक तपशीलपत्र देऊन तारीख मिळविता येते. मात्र पूर्ण तपशीलपत्र 12 महिन्यांत द्यावे लागते. अर्ज साधारणपणे 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो. तपासणी आपोआप होत नाही, ती मागावी लागते. 2024 च्या नियमांनुसार नव्या अर्जांना त्यासाठी 31 महिन्यांची मुदत आहे. हरकतींचे पत्र आल्यावर उत्तराला सहा महिने मिळतात, आणि मागणी केल्यास आणखी तीन. मुदत चुकली की अर्ज सोडून दिला असे धरले जाते. पेटंट मिळाले तर ते अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे टिकते, अर्थात नूतनीकरणाचे शुल्क भरत राहिल्यास.

पालकांना एक कळकळीची विनंती आहे. मुलाने किंवा मुलीने काही नवे केले, की आपण कौतुकाने चारचौघांना दाखवितो, प्रदर्शनात मांडतो, मोबाईलवरून चित्रफीत पाठवितो. अर्ज करण्यापूर्वी वस्तू अशी उघड झाली, तर तिचे नवेपण कायद्याच्या दृष्टीने संपू शकते. केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनांना बारा महिन्यांची सवलत आहे. शाळेच्या साध्या प्रदर्शनाला ती गृहीत धरू नये. आधी अर्ज, मग कौतुक, हा क्रम ठेवा.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही एक वही करा. पाने क्रमाने, तारीख घालून. काय केले, काय मोजले, काय फसले, सगळे लिहा. तापमान "कमी झाले" असे लिहू नका, किती अंश होते आणि किती झाले ते लिहा. भाषा मराठी असो की उर्दू, मोजमाप नेमके हवे. आणि हरकतींचे पत्र आले तर नापास झालो असे समजून ते फडताळात टाकू नका. आल्या अर्जाला तसाच होकार क्वचितच मिळतो. ते पत्र म्हणजे प्रश्नपत्रिका आहे. निकाल तुमच्या उत्तरानंतर लागतो.

प्रत्येक युक्तीचे पेटंट घ्यावे असे मी म्हणत नाही. परंतु ज्या हातांना काम येते, त्या हातांना लिहिताही आले पाहिजे. आपल्या वडिलांच्या गॅरेजमधली युक्ती नीट शब्दांत मांडणारी मुले-मुली या संस्थेतून बाहेर पडली, तर येथील तालीम सार्थकी लागली असे मी समजेन.