निसर्गचित्रांचे प्रदर्शन निसर्गाला भार होऊ नये
(कलाशिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांच्या कार्यशाळेत एका माहिती अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आपल्या परिसरातील डोंगर, नदी, तळी आणि शिवारे यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरविण्याच्या पूर्वतयारीसाठी आपण येथे जमलो आहोत. या प्रसंगी कोल्हापूरचे थोर चित्रकार आबालाल रहिमान यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या कलावंताने कोटितीर्थ आणि रंकाळा तलावांचे सौंदर्य चित्रबद्ध केले. १९३१ साली ते निवर्तले. पुढे याच तलावांना सांडपाण्याने ग्रासले. चित्रांतील पाणी निर्मळ राहिले, तलावातील राहिले नाही. निसर्गचित्र पाहणाऱ्यांवर निसर्गाची जबाबदारीही येते, हा यातील बोध होय.

एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका प्रदर्शनाची व्यवस्था माझ्याकडे होती. नदीच्या चित्रांची सर्वांनी वाखाणणी केली. समारोपानंतर दोन दिवसांनी त्याच नदीच्या घाटाशी फ्लेक्सचे तुकडे आणि आमच्या कमानीचा थर्माकोल तरंगताना मला दिसला. त्या कमानीचा आराखडा मीच मंजूर केला होता. तेव्हापासून कोणतीही वस्तू घेण्यापूर्वी मी एक प्रश्न विचारतो : प्रदर्शन संपल्यावर हिचे काय होणार?

थर्माकोलची सजावट आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलक यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. परंतु जाड फ्लेक्स त्या बंदीत येत नाही म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. पॉलिएस्टरच्या कापडावर पीव्हीसीचा थर असल्याने त्याचा पुनर्वापर अवघड असतो. जाळल्यास विषारी वायू निघतात. त्याऐवजी सुती कापडावर आपल्या कलाशिक्षकांनी अक्षरे रंगवावीत. वर्ष आणि तारीख मुख्य फलकावर न लिहिता वेगळ्या पट्टीवर लिहावी, म्हणजे तोच फलक पुढील वर्षीही उपयोगी पडेल. कापड सुरुवातीस महाग वाटेल. परंतु दरवर्षीच्या नव्या फ्लेक्सचा खर्च वाचतो, हे पंचायत सदस्यांनी ध्यानात घ्यावे.

चित्रे टांगण्यासाठी बांबूच्या चौकटी सुतळीने बांधाव्यात. खिळे न ठोकल्यास त्या सोडवून शाळेत ठेवता येतात. प्रकाशाचाही विचार अगत्याचा आहे. कागदावरील जलरंग प्रखर उजेडात फिकट पडतात. म्हणून संग्रहालयांत त्यांच्यासाठी सुमारे ५० लक्स एवढाच प्रकाश योग्य मानतात. थेट ऊन न येणारी खोली आणि मोजके एलईडी दिवे पुरेसे आहेत. यात विजेची बचत होते आणि चित्रेही सुरक्षित राहतात.

आता सूचिपुस्तिकेविषयी. तिचा आकार कागदाच्या तावावरून ठरवावा. २३ × ३६ इंची तावातून साडेपाच बाय साडेआठ इंचांची १६ पाने, म्हणजे ३२ पृष्ठे निघतात. केवळ कडा छाटाव्या लागतात. त्याच तावातून आठ इंची चौरस पाने काढल्यास आठच निघतात आणि एक तृतीयांशाहून अधिक कागद वाया जातो. मुखपृष्ठावर लॅमिनेशन नको, कारण प्लॅस्टिकचा थर चढलेला कागद पुन्हा लगद्यात सहजी जात नाही. शिलाई दोऱ्याची असावी. मुखपृष्ठासाठी हातकागद वापरता येईल. तो सुती चिंध्यांपासून तयार होत असल्याने त्यासाठी झाड तोडावे लागत नाही. जुन्नरच्या हातकागदाचा एके काळी मोठा लौकिक होता आणि पुण्यात १९४० साली हातकागद संस्था स्थापन झाली, हा वारसा आपल्या घरचाच आहे.

प्रती मात्र मोजक्याच छापाव्यात. प्रत्येक चित्राशेजारी ठळक अक्षरांत माहिती लावल्यास प्रत्येक प्रेक्षकाच्या हाती पुस्तिका देण्याची आवश्यकता उरत नाही. छापलेल्या प्रती शाळांना व ग्रंथालयांना द्याव्यात. तेथे त्या वर्षानुवर्षे वाचल्या जातील.

समारोपाच्या दुसऱ्या दिवशी आपण सर्वांनी मिळून प्रदर्शनाचे आवार पाहावे. तेथे आदल्या दिवशीचा कचरा दिसला नाही, तर आपले प्रदर्शन खऱ्या अर्थाने यशस्वी झाले असे मी समजेन. एवढे आवाहन करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!