आई-वडिलांची दुसरी साक्षरता



वडीलधाऱ्यांना शिकविण्याचे कार्य सातारा जिल्ह्याला नवे नाही. १९५९ साली याच जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि १९६१ पासून ती राज्यभर नेण्यात आली. निरक्षर प्रौढांना अक्षरओळख करून देण्याची जबाबदारी गावाने स्वतःची मानली. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होत असे. "या वयात काय शिकायचे?" हा संकोच दूर करण्याचा तो मार्ग होता.

त्या काळी शाळेत जाणारी मुले आज साठी-सत्तरी ओलांडून गेली आहेत. त्यांना वाचता येते. परंतु सातबाराचा उतारा, बँकेचे व्यवहार, निवृत्तिवेतनासाठी लागणारा हयातीचा दाखला ही कामे आता संगणकावर आणि मोबाइलवर होऊ लागली आहेत. हे तंत्र अवगत नसलेला वृद्ध साक्षर असूनही पूर्वीच्या अंगठेबहाद्दरासारखा परावलंबी होतो. आपल्या खात्याची गुप्त संख्या त्याला दुसऱ्याच्या हाती द्यावी लागते. येथे त्याच्या आयुष्यभराच्या पुंजीचा आणि स्वाभिमानाचा प्रश्न आहे.

ग्रामीण कुटुंबांसाठी २०१७ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात वयोमर्यादा १४ ते ६० वर्षे होती. प्रत्येक कुटुंबातील एक व्यक्ती शिकावी, अशी ती योजना होती. घरातील शिकलेल्याने वडीलधाऱ्यांना शिकविणे हे पुढचे पाऊल मात्र घरालाच उचलावयाचे आहे.

याबाबत वारणा खोऱ्याचा अनुभव बोलका आहे. १९९८ साली कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावांसाठी तेथे संगणक प्रकल्प हाती घेण्यात आला. केंद्रावरील चालक संगणक हाताळी आणि शेतकऱ्यास उसाच्या हिशेबाची माहिती देई. सोय झाली, हेलपाटे वाचले. पण कळफलक चालकाच्याच हाती राहिला. सोय आणि साक्षरता यांतील हा भेद आपण ओळखला पाहिजे. मुलगा वडिलांचे काम झटपट उरकून देतो, तेव्हा तोही सोयच करीत असतो.

म्हणून काही सूचना कराव्याशा वाटतात. आरंभ गरजेच्या कामापासून करावा. शेतकऱ्याला सातबारा, आजीला परगावच्या नातवाचा चेहरा. माउस वा मोबाइल शिकणाऱ्याच्याच हातात असावा. शिकविणाऱ्याने बोटाने दाखवावे, स्वतः दाबू नये. एका बैठकीत एकच कृती घ्यावी आणि तिच्या पायऱ्या शिकणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत वहीत लिहाव्यात. विसर पडल्यास रागावू नये; ज्यांनी आपल्याकडून बाराखडी गिरवून घेतली, त्यांना चार वेळा विचारण्याचा अधिकार आहे. पैशांचे व्यवहार शिकविण्यापूर्वी ओटीपी व पिन कोणालाही, अगदी बँकेचे नाव सांगणाऱ्यालाही, न सांगण्याचा पाठ पक्का करावा. फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे, हेही वहीच्या पहिल्या पानावर असावे.

ग्रामपंचायतीने शाळेच्या सहकार्याने आठवड्यातून एक तास यासाठी राखून ठेवावा. सराव सुटला की शिकलेले अक्षरही पुसट होते. संगणकाचेही तसेच आहे. पूर्वी पाटी-पेन्सिलीसाठी जे गाव एकत्र आले, ते याही कामासाठी एकत्र येईल, असा मला विश्वास वाटतो.