दोन रेघा आणि बोटीचं तिकीट



आजचा विषय ऐकून काहीजण म्हणतील, पालघर-बोईसरच्या माणसाला क्रूझचं काय एवढं? बोटी आपल्याला नव्या नाहीत. सातपाटी, मुरबे, नवापूर, डहाणू या गावांतल्या कितीतरी घरांची चूल समुद्रावर पेटते. पण पैसे मोजून समुद्रावर जायचं, तिथे काहीही काम करायचं नाही, दिवसभर खायचं-प्यायचं आणि डेकवर खुर्ची टाकून बसायचं, ही चैन आपल्याकडे अलीकडची. २०१८ साली मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' सुरू झाली, पुढे त्याहून मोठ्या बोटी आल्या, आणि आता तारापूरच्या कारखान्यात नोकरी करणारा मुलगाही आईवडिलांसाठी बोटीची तिकिटं काढतो. चांगलं आहे. पण त्या तिकिटाबरोबर एक प्रश्न घरात येतो आणि त्याबद्दल आपण आधी बोलत नाही. बोट सुटायला दोन दिवस असताना घसा धरला, अंग मोडून आलं, करोनाची चाचणी केली आणि किटवर एकाऐवजी दोन रेघा उमटल्या, तर काय करायचं?

तुम्ही म्हणाल, आता कुठे राहिलाय करोना? साथ असताना बोटीवर चढायचं तर अहवाल दाखवावा लागे. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं आणि पुढे ती सक्तीही गेली. आज फार तर प्रकृतीविषयी एक फॉर्म भरून घेतात. पण सक्ती गेली, विषाणू गेला नाही. आणि सक्ती गेल्यामुळेच प्रश्न जास्त अवघड झाला. पूर्वी दारावरचा माणूस ठरवत होता. आता आपण ठरवायचं आहे.

बोट आणि आगगाडी यांत एक मोठा फरक आहे. डहाणू लोकलमध्ये खोकणारा माणूस पालघरला उतरून जातो. बोटीवर कोणी उतरत नाही. तेच जेवणघर, तेच जिने, तेच नाटकगृह, त्याच लिफ्ट आणि तीच दोन-तीन हजार माणसं. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' नावाची बोट अडवून ठेवली होती, ती आपल्याला आठवत असेल. त्या बोटीतून २५ जानेवारीला हाँगकाँगला उतरलेल्या एका प्रवाशाला करोना झाल्याचं १ फेब्रुवारीला कळलं. बोटीवर ३,७११ माणसं होती. त्यांतल्या ७१२ जणांना लागण झाली. बोटीवर १३८ भारतीय होते आणि त्यांतले १३२ जण प्रवासी नव्हते, तिथे कामाला होते. आपण बोटीचा विचार करताना नेहमी प्रवाशांचाच करतो. पण आपली खोली झाडणारा, आपलं ताट उचलणारा माणूसही त्याच बंद हवेत असतो आणि त्याची सहल चार दिवसांत संपत नाही.

इतकं लांब जायलाही नको. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून नववर्षाच्या सहलीला गेलेली 'कॉर्डेलिया' गोव्याला पोहोचली. बोटीवरचा एक कर्मचारी बाधित असल्याचं कळलं, मग सुमारे दोन हजार जणांच्या चाचण्या झाल्या आणि ६६ जण बाधित निघाले. गोवा समोर दिसतोय आणि उतरता येत नाही, अशी गत झाली. बोट मुंबईला परत आली. बोटीवरच्या बहुतेकांना काहीही झालेलं नव्हतं, पण सहल सगळ्यांचीच बुडाली.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगतो. डिसेंबर २०२३. सिंधुदुर्गात करोनाच्या 'जेएन-वन' या नव्या प्रकाराचा रुग्ण सापडल्याची बातमी नुकतीच आली होती. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलाने मुंबई-गोवा बोटीची तिकिटं काढली होती. आम्ही दोघं, मुलगा, सून, नात आणि पालघरचे आमचे व्याही-विहीणबाई, अशी सात माणसं. आमच्या सौभाग्यवतींनी महिनाभर आधीपासून तयारी चालवली होती. बोटीवर दिवसातून पाच वेळा खायला मिळतं हे सांगूनही चकल्यांचा डबा भरला होता.

निघायच्या दोन दिवस आधी तिला कणकण आली. मुलाने किट आणलं. पंधरा मिनिटांत दोन रेघा. घरात एकदम शांतता. मग सगळे एकदम बोलायला लागले. मुलगा म्हणाला, किट खराब असेल. सून म्हणाली, आता कोणी विचारत नाही. सौभाग्यवती म्हणाली, "अहो, मी मास्क लावून खोलीतच बसेन. खिडकीतून समुद्र बघेन. तेवढंच मला पुरे." मला काय बोलावं ते सुचेना. चाळीस वर्षांत तिने स्वतःसाठी मागितलेली ही दुसरी की तिसरी गोष्ट असेल.

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "विहीणबाईंची खोली कुठे आहे रे?" मुलगा म्हणाला, आपल्या शेजारचीच. विहीणबाईंची त्याच वर्षी बायपास झाली होती. ती काही बोलली नाही. उठली आणि बॅगेतल्या साड्या परत कपाटात लावायला लागली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत तपासणी केली, तीही पॉझिटिव्ह. मुलगा, सून, नात आमच्याच घरात राहणारी, म्हणून तीही थांबली. व्याही आणि विहीणबाई आठ-दहा दिवसांत आम्हाला भेटले नव्हते. ते दोघं गेले आणि छान जाऊन आले. आणि पुढचं ऐका. बोट ज्या दिवशी गोव्याला लागली त्या दिवशी मला ताप भरला. माझ्याही किटवर दोन रेघा. म्हणजे आदल्या दिवशी माझी चाचणी निगेटिव्ह होती म्हणून मी बोटीवर चढलो असतो, तर भर समुद्रात आजारी पडलो असतो आणि कोणाकोणाला प्रसाद वाटला असता ते देवालाच ठाऊक.

हे सगळं झाल्यावर मी जरा वाचलं, डॉक्टरांना विचारलं. ते थोडक्यात सांगतो, कारण प्रसंग आला की घरात गोंधळ असतो आणि नेमकं काय करायचं ते सुचत नाही.

पहिलं म्हणजे दोन रेघांवर विश्वास ठेवायचा. घरची चाचणी चुकते ती बहुधा दुसऱ्या बाजूने. लागण असून सुरुवातीला ती निगेटिव्ह दाखवू शकते. म्हणून लक्षणं असताना एक रेघ आली तर निर्धास्त न होता ४८ तासांनी पुन्हा करायची. पण लक्षणं आहेत आणि दुसरी रेघ आली, अगदी फिकट आली, तरी ती खरी मानायची. निगेटिव्ह येईपर्यंत किटमागून किट फोडत बसायचं, हा प्रकार मी लोकांना करताना पाहिला आहे. त्याला तपासणी म्हणत नाहीत.

एक अपवाद आहे. महिना-दोन महिन्यांपूर्वी करोना होऊन गेलेल्या माणसाची आरटी-पीसीआर चाचणी तो बरा झाल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. तसं असेल तर डॉक्टरांना आधीचा अहवाल दाखवावा आणि निर्णय त्यांच्यावर सोडावा.

दुसरं, दिवस मोजायचे. जानेवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने सौम्य रुग्णांसाठी सांगितलं होतं, की चाचणीपासून किमान ७ दिवस वेगळं राहावं आणि शेवटचे सलग ३ दिवस ताप नसावा. बोट परवा आहे आणि दिवस सात हवेत. हे गणित कुठूनही जुळत नाही. मास्क लावून, गोळी घेऊन, ताप उतरवून ते जुळवायचा प्रयत्न करू नये. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, संसर्ग उतरत नाही.

तिसरं, बोट कंपनीला बोट सुटण्यापूर्वी कळवायचं. फोनही करायचा आणि लेखीही. न सांगता गैरहजर राहिलेल्या प्रवाशाला सहसा काहीच मिळत नाही. आधी कळवलं तर तारीख बदलून मिळण्याची शक्यता तरी असते. किटचा फोटो पुरत नाही, म्हणून प्रयोगशाळेचा अहवाल आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन ठेवावी. प्रवासविमा असेल तर तिथेही हेच कागद लागतात. आणि विमा काढताना आजारपणामुळे रद्द झालेली सहल त्यात धरली आहे का, ते बारीक अक्षरांतलं वाचून घ्यावं. आम्हाला पैसे परत मिळाले नाहीत, पण पुढची तारीख मिळाली.

चौथं, घरातल्या बाकीच्यांचं. बरोबर राहणाऱ्यांना लागण झाली असली तरी ती कळायला दोन-चार दिवस जातात. म्हणून एकाच छपराखाली राहणाऱ्यांनी थांबावं हे बरं. वेगळ्या घरात असलेल्यांनी आधी विचार करावा की आपण रुग्णाला शेवटचं कधी भेटलो. आणि घरात वयस्कर, मधुमेही, हृदयविकाराचं माणूस असेल तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं. धाप लागली, छातीत दुखलं, भान हरपू लागलं किंवा बोटावरच्या यंत्रात प्राणवायूचा आकडा ९४ च्या खाली गेला, तर घरी थांबू नये. बोईसर-पालघरमध्ये रिक्षा करून दवाखान्यात जाता येतं. समुद्रात रिक्षा मिळत नाही. बोटीवर डॉक्टर असतो, पण तिथलं सर्वांत मोठं औषध म्हणजे किनारा गाठणं, आणि तो कधी सहा तासांवर असतो, कधी सोळा.

कायद्याचंही एक सांगतो. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, त्यातून १८९७ चा साथरोग कायदा झाला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात करोनासाठी हाच कायदा लागू केला गेला. बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांची तपासणी करण्याचा आणि जहाजाने प्रवास करू इच्छिणाऱ्या माणसाला अडवून ठेवण्याचा अधिकार त्यात सरकारला दिला आहे. म्हणजे आजारी प्रवाशाने बोटीवर चढू नये, ही चिंता करोनाने आणलेली नाही. ती सव्वाशे वर्षांची जुनी आहे.

बोटीवर अडकणं म्हणजे काय, हे तर आपल्या जिल्ह्याने फार कडू रीतीने पाहिलं आहे. गुजरातच्या मासेमारी बोटींवर आपल्याकडचे हजारो आदिवासी बांधव खलाशी म्हणून जातात. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत हे लोक बोटींनी घराकडे निघाले आणि उंबरगावजवळच्या नारगोल बंदरासमोर त्यांतले शेकडो जण बोटीतच अडकून पडले. करोनाच्या भीतीने त्यांना उतरू द्यायला विरोध झाला. त्याच महिन्यात मुंबईसमोर 'मरेला डिस्कव्हरी' या प्रवासी बोटीवर सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी उतरण्याची परवानगी मिळण्याची वाट पाहत होते. ती २३ एप्रिलला मिळाली. या माणसांपुढे पर्याय नव्हता. आपल्यापुढे आहे. आपण फक्त सहलीला निघालोय आणि घरी थांबू शकतो, ही केवढी मोठी सोय आहे!

मी तारापूरच्या अणुवीज केंद्रात नोकरी केली. तिथे ठरावीक भागातून बाहेर पडताना प्रत्येकाला एका यंत्रावर उभं राहावं लागे. हातापायाला किरणोत्सारी धुळीचा कण लागलेला असला की घंटा वाजे. साहेब असो की हेल्पर, घंटा वाजली की मागे जायचं, हात-पाय धुवायचे आणि पुन्हा उभं राहायचं. कोणी घंटेशी वाद घालत नसे. आणि ज्याच्यासाठी घंटा वाजली त्याच्याकडे कोणी वाईट नजरेने बघतही नसे. करोनाच्या चाचणीकडे आपण असं बघायला कधी शिकलोच नाही. दोन रेघा आल्या की घरात आरोपी शोधायला लागतो. तू त्या लग्नाला गेलीस म्हणून, तू लोकलने आलास म्हणून. माणूस लपवतो ते या बोलण्याच्या भीतीने.

सातपाटीच्या एका तांडेलाला मी एकदा विचारलं होतं, बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की बुडणाऱ्या रोजगाराचं वाईट वाटत नाही का? तो म्हणाला, "वाटतं ना. पण बावटा लागल्यावर विचार करायचा नसतो. तो आधीच केलेला असतो."

मला आज एवढंच सांगायचं आहे. बोटीची तिकिटं काढाल त्याच संध्याकाळी, जेवायला बसल्यावर, घरात ठरवून टाका, की निघण्याआधी कोणाला बरं वाटेनासं झालं तर चाचणी करायची, पॉझिटिव्ह आलेला माणूस जाणार नाही, त्याच्याबरोबर कोण थांबेल आणि त्याला कोणी बोल लावणार नाही. त्या वेळी सगळे धडधाकट असतात, म्हणून हे शहाणपणाने ठरतं. दोन रेघा उमटल्यावर ठरवायला बसलात, तर भरलेले पैसे, घेतलेली रजा आणि शेजाऱ्यांना सांगून झालेली सहल, हीच तिघं निर्णय घेतात. तिकिटांबरोबर दोन किट घेऊन कपाटात ठेवा आणि त्यांच्यावरची मुदत पाहून घ्या. न वापरता परत आणावी लागली, तर त्याहून चांगलं काय?