आडनाव हरवलेली घराणी
नॉर्वेतील स्टाव्हांगर बंदरातून १८२५ साली एक लहानसे गलबत न्यूयॉर्ककडे निघाले आणि नॉर्वेजियन शेतकऱ्यांच्या अमेरिकावासाला प्रारंभ झाला. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमिनीची आशा दाखविली. तेव्हा तो ओघ मिनेसोटा, डकोटाच्या माळरानांवर पसरला. त्या कुटुंबांचे आजचे वंशज शोधू पाहणारा मात्र आडनावापाशीच अडखळतो. या शेतकऱ्यांना कायमचे आडनाव असे बहुधा नव्हतेच. ओलेचा पुत्र तो ओल्सेन, कन्या ती ओल्सदात्तेर. त्यापुढे राहत्या वाडीचे नाव. वाडी बदलली की तेही बदले! अमेरिकेत मग एखाद्या भावाने पित्याचे नाव धरले, दुसऱ्याने वाडीचे; सख्खी भावंडे कागदोपत्री परकी झाली. मुली तर विवाहानंतर दिसेनाशाच होतात.

नॉर्वेतील चर्चच्या नोंदवह्यांत बाप्तिस्म्यापाशी वाडीचे नाव असते. तो धागा धरून मागे जाता येते. पुढे येणे अधिक कठीण. अमेरिकेतील जनगणनेचे कौटुंबिक तपशील ७२ वर्षे गुप्त राहतात. १९५० चे २०२२ साली खुले झाले. त्यानंतरची वाट स्थानिक वृत्तपत्रांतील मृत्युवार्तांतून जाते. मृताच्या मागे राहिलेल्या मुलानातवंडांची नावे व गावे त्यांत छापण्याची तेथे रीत आहे. लेकीचे हरवलेले सासरचे नाव पुष्कळदा तेथेच सापडते.