पोराचं वजन आणि जमिनीचा दावा
(जूचंद्र येथे पाड्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



बायांनो, भावांनो, आज वनहक्काच्या दाव्यांची बैठक आहे, आणि आम्ही पोरांच्या वजनाचं बोलणार म्हणून मागे काही जण हसले. हसा. पण हा काटा इथे का आणला ते ऐकून घ्या.

मागच्या आठवड्यात आम्ही एका वीटभट्टीवर झोपड्यांत गेलो. एक बाई, मांडीवर दीड महिन्याचं पोर. जन्मलं तेव्हा वजन किती? कोणी केलंच नव्हतं. आम्ही झोळी करून काट्याला अडकवली. दोन किलो शंभर ग्रॅम. आता, पोर जन्मतानाच अडीच किलोचं पाहिजे. मग पाच महिन्यांत दुप्पट, वर्षात तिप्पट. हे दीड महिन्यात अडीचलाही पोचलं नाही. त्याच दिवशी मायलेकरांना सरकारी दवाखान्यात नेलं.

बाईला विचारलं, पोटुशी असताना काय खाल्लं? भात, मिरची, कधी सुका जवळा. सातव्या महिन्यात डोक्यावर विटा. उचल पावसाळ्यातच घेतलेली, ती फिटेपर्यंत सुटका नाही. आठवड्याच्या खर्चीत तांदूळ-तेल भागतं, डाळ येत नाही. ती म्हणाली, "घरी नागली होती, आता वरकस जागा सुटली." बघा, इथंच दाव्याचा कागद आणि पोराचं वजन एकत्र आलं. जागा असती तर नागली, वरई, तूर घरात असती. बांधाला चिंबोऱ्या, रानात शेवळी, टाकळा. आणि सातव्या महिन्यात ती भट्टीला गेली नसती.

एक दोष आपलाही आहे, तोही बोलू. पोर मोठं झालं तर बाळंतपण अवघड जाईल म्हणून आपण गरोदर बाईला कमी खायला लावतो. ती वाढते सगळ्यांना, आणि खाते शेवटी, उरलंसुरलं. पहिला चीक पिळून टाकतो, तो टाकायचा नाही, पोराला लगेच पाजायचा. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको. सहा महिने झाले की मऊ भात-डाळ, नागलीची पेज, दिवसातून चार वेळा. रक्ताच्या गोळ्या कडू लागतात म्हणून छपराला खोचून ठेवू नका. पुरुषांनो, हे तुम्हालाच सांगतोय.

१९९२ साली जव्हारला वावर-वांगणीत पोरं एकापाठोपाठ गेली, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला आपल्या पोरांची भूक कळली. एरवी कळत नाही, कारण मरणाच्या कागदावर भूक लिहीत नाहीत. न्यूमोनिया लिहितात, जुलाब लिहितात. आणि भट्टीवरचं पोर तर कुठल्याच वहीत नसतं. गावच्या अंगणवाडीत शेरा पडतो 'स्थलांतरित', इथल्या वहीत नावच चढत नाही. दोन्हीकडून सुटलं.

आता कायद्याचं. डिसेंबर २००६ मध्ये वनहक्काचा कायदा लोकसभेत पास झाला. त्याच आठवड्यात, १३ तारखेला, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ज्या गावच्या वा झोपडपट्टीच्या वस्तीत सहा वर्षांखालची ४० पोरं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिने मागणी केली की तीन महिन्यांत अंगणवाडी द्यायची. हे किती जणांना माहीत होतं? आम्हालाही उशिरा कळलं.

म्हणून दाव्यांसाठी घरोघर फिरणाऱ्या पोरापोरींनी त्याच वहीत आणखी तीन रकाने आखायचे: घरात गरोदर कोण, सहा वर्षांखालची किती, वजन किती. भट्टीवरची घरंही धरायची, ती मोखाड्याची असोत की विक्रमगडची. चाळीस भरले की अर्ज लिहायचा, दोन प्रती, एकीवर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय टेबलावरून उठायचं नाही.

काटा आज इथेच आहे. बैठक संपली की बायांनी पोरं घेऊन आंब्याखाली या. ज्यांची दाव्याची कागदं राहिली, तेही तिथेच बसा.