गाठ, प्रतीक्षा आणि कल्याणमित्र

(मंडळाच्या आरोग्य मार्गदर्शन कार्यक्रमात केलेले भाषण)



 

कार्यकर्त्यांनी मला आरोग्य या विषयावर बोलायला सांगितले. मी डॉक्टर नाही. तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, एवढीच माझी पात्रता. परंतु गेली काही वर्षे मी एका गाठीचा रोगी आहे आणि त्या निमित्ताने जे शिकलो ते मी शिकवलेल्या कोणत्याही पुस्तकात नव्हते. तेच आज सांगणार आहे. त्यात माझी एक कबुलीही आहे. ती ऐकून काहींना माझा राग येईल. पण ती वगळली तर बाकीच्या बोलण्याला अर्थ उरणार नाही.

२०१६ सालच्या जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा मला वाटू लागले की उजवीकडच्या बाकांवरची मुले पुटपुटत उत्तरे देतात. मी त्यांच्यावर ओरडत असे. बिचाऱ्या मुलांचा काही दोष नव्हता; माझाच उजवा कान मंद होत चालला होता. त्या कानात रात्रंदिवस रातकिड्यांसारखा आवाज येई. प्रथम वाटले मळ असेल, थेंब घातले. पुढे चालताना तोल जाऊ लागला. संध्याकाळी चाळीच्या अंधाऱ्या जिन्यात मी भिंत धरून चढू लागलो, तेव्हा शेजारच्यांनी जो तर्क करायचा तो केला. "मास्तर घ्यायला लागले वाटतं," असे कोणीतरी म्हणाले आणि ते माझ्या चांगल्या कानावर पडले. ज्या माणसाने आयुष्यभर पंचशील पाळले, दारूबंदीच्या फेऱ्या काढल्या, त्याला हे ऐकावे लागले. मी विहारात येणे बंद केले.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी श्रवणचाचणी केली आणि एमआरआय करायला सांगितले. त्याचा नंबर लागायला सहा आठवडे गेले. अहवालात लिहिले होते: व्हेस्टिब्युलर श्वानोमा, १७ मिलिमीटर. जुने नाव अकूस्टिक न्यूरोमा.

विद्यार्थी मित्रांनो, हे काय असते ते थोडक्यात समजून घ्या. कानाच्या आतल्या भागातून मेंदूकडे एक मज्जातंतू जातो. ऐकणे आणि तोल सांभाळणे ही दोन्ही कामे तो करतो. त्या तंतूभोवती श्वान नावाच्या पेशींचे वेष्टन असते. त्या पेशी वाढून तिथे गाठ तयार होते. ही गाठ कर्करोगाची नव्हे. ती शरीरात इतरत्र पसरत नाही. बहुधा ती फार हळू वाढते, वर्षाला एक-दोन मिलिमीटर. काहींची तर वर्षानुवर्षे वाढतच नाही. मात्र जागा अडचणीची असते. शेजारूनच चेहऱ्याच्या हालचालींचा मज्जातंतू जातो आणि गाठ मोठी झाली तर ती मेंदूच्या देठावर दाब आणते. म्हणून तिला साधी म्हणून सोडून देता येत नाही आणि भयंकर म्हणून घाई करण्याचेही बहुतेक वेळा कारण नसते. उपचाराच्या वाटा तीन. ठरावीक काळाने एमआरआय काढून लक्ष ठेवणे, शस्त्रक्रिया करून गाठ काढणे, किंवा नेमक्या जागी किरणांचा मारा करून तिची वाढ थांबवणे. या शेवटच्या उपचाराला गॅमा नाइफ म्हणतात. नावात सुरी असली तरी त्यात कापाकापी नाही. स्वीडनचे डॉ. लार्स लेक्सेल यांनी ते यंत्र बनवले आणि १९९७ मध्ये ते मुंबईत व दिल्लीत आले. यांपैकी कोणती वाट कोणासाठी, हे गाठीचा आकार, रोग्याचे वय, शिल्लक राहिलेले ऐकू येणे यांवरून या विषयातला तज्ज्ञच ठरवू शकतो.

आणि त्या तज्ज्ञाची तारीख मला पाच महिन्यांनंतरची मिळाली.

आज मला खरे बोलायचे आहे ते या पाच महिन्यांविषयी. आजार झाला की डॉक्टर असतात, शस्त्रक्रिया झाली की परिचारिका असतात, पण वाट पाहणाऱ्याजवळ कोणी नसते. त्याला औषध नसते. तो दिसायला धडधाकट असतो. घरच्यांना "ट्यूमर" हा एकच शब्द ऐकू आलेला असतो आणि मेंदू हा दुसरा. माझी पत्नी रात्री देव्हारा नसलेल्या घरात भिंतीकडे बघत बसे. मुलगा म्हणे, बाबा, डॉक्टर म्हणाले ना की साधी गाठ आहे, मग काळजी कशाची? दोघांपैकी कोणालाही मी माझ्या मनातले सांगू शकत नव्हतो.

आता ती कबुली. माझ्या वडिलांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांच्या समोर धम्मदीक्षा घेतली. बावीस प्रतिज्ञा आमच्या घरात मुलांना पाढ्यांच्या आधी पाठ असत. मी स्वतः वर्गात अंधश्रद्धेवर तासन् तास बोललो आहे. आणि अशा माझ्या गळ्यात, सदऱ्याच्या आत, तीन आठवडे एक ताईत होता. मेहुणीने कोण्या बाबाकडून पाचशे एक रुपयांना आणला होता. तिने हातात ठेवला, आणि मी तो बांधला. माझा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. तरी बांधला.

पुढे तज्ज्ञांनी शिरेतून औषध देऊन पुन्हा एमआरआय आणायला सांगितले होते. त्या खोलीत प्रचंड शक्तीचे चुंबक असते, म्हणून आत जाण्यापूर्वी अंगावरची धातूची प्रत्येक वस्तू काढावी लागते. बाहेरच्या बाकावर बसलेल्या सगळ्यांना तसे सांगण्यात आले. मी कोपऱ्यात तोंड फिरवून दोरा सोडू लागलो, गाठ सुटेना. शेजारी पनवेलकडच्या एक ताई बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्याची एक बाजू थोडी खाली ओघळलेली होती. त्या म्हणाल्या, "भाऊ, मघापासून बघतेय, डावा कान पुढं करून ऐकता. उजवा गेला का?" मी मान हलवली. माझ्या हातातल्या ताइताकडे पाहून त्या हसल्या. "माझ्या गळ्यात दोन होते," त्या म्हणाल्या.

बंधुभगिनींनो, पाच महिन्यांत मी पहिल्यांदा मोकळेपणाने हसलो ते त्या बाकावर.

ताईंची शस्त्रक्रिया दोन वर्षांपूर्वी झाली होती आणि त्या दर वर्षीच्या तपासणीला आल्या होत्या. अर्ध्या तासात त्यांनी मला जे सांगितले ते मला कोणीच सांगितले नव्हते. अंधारात तोल जास्त का जातो? कान, डोळे आणि पायांचे तळवे या तिघांच्या आधारावर शरीर तोल सांभाळते. एक कान अधू झाला की डोळ्यांवर भार येतो आणि अंधारात तेही निकामी. म्हणून खिशात विजेरी ठेवा, लाजू नका. रात्री कानातल्या आवाजाने झोप येत नसेल तर पंखा लावा. अगदी शांततेत तो आवाज मोठा वाटतो. सभेत उजव्या टोकाला बसा, म्हणजे सगळी माणसे चांगल्या कानाकडे येतील. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्या, कारण आत गेल्यावर काही आठवत नाही.

मी विचारले, "चेहरा?" त्यांनी लपवले नाही. म्हणाल्या, "माझी गाठ साडेतीन सेंटिमीटरची होती, तुमची निम्मी आहे. माझं तुमच्यावर मोजू नका." मग त्यांनी डोळा पूर्ण मिटत नाही म्हणून थेंब कसे घालतात, रात्री पट्टी कशी लावतात तेही दाखवले. खरे सांगतो, त्या रात्री मी घाबरलो. दहा दिवस त्यांना फोन केला नाही. पण नंतर लक्षात आले की आतापर्यंतची भीती बिनचेहऱ्याची होती. आता तिला चेहरा मिळाला होता आणि तो चेहरा स्वयंपाक करत होता, लोकलने प्रवास करत होता, हसत होता. मी फोन केला.

त्यांच्या ओळखीने आणखी तिघे मिळाले. आम्ही पाच जण दर रविवारी संध्याकाळी एकमेकांना फोन करू लागलो. दोन गोष्टी आम्ही ठरवून घेतल्या. कोणी कोणाला औषध सुचवायचे नाही, आणि आपली गाठ दुसऱ्याच्या गाठीला लावायची नाही. तिसरी गोष्ट ताईंनी घालून दिली. डोके फार दुखून उलट्या होऊ लागल्या, एकाचे दोन दिसू लागले, घास गिळताना ठसका लागू लागला, चालणे झपाट्याने बिघडले किंवा ऐकू येणे एकाएकी गेले, तर तारखेची वाट पाहायची नाही आणि आम्हाला फोनही करत बसायचे नाही. थेट रुग्णालय गाठायचे. सोबती हा डॉक्टर नव्हे. तो डॉक्टरांच्या दारापर्यंत हात धरून नेणारा माणूस आहे.

तारीख आली. तज्ज्ञांनी सर्व पाहून सांगितले की तूर्त फक्त लक्ष ठेवू. आजवर दर तपासणीत गाठ तेवढीच आहे. उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही, ते परत येणार नाही. आमच्यातल्या एकाला मात्र शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच्या बाहेरच्या बाकावर आम्ही चौघे होतो.

मी पुष्कळ विचार केला की माझ्यासारख्याने ताईत का बांधला. अज्ञान म्हणावे तर ते नव्हते. मी एकटा पडलो होतो, एवढेच त्याचे कारण. एकटा पडलेला माणूस दोऱ्यालाही धरतो. आपण अंधश्रद्धेविरुद्ध भाषणे करतो, ती केलीच पाहिजेत. पण बाबा-बुवा आजाऱ्याच्या घरी जाऊन बसतो आणि आपण जात नाही, हेही पाहिले पाहिजे.

किसा गोतमीची कथा आपण दर वर्षी ऐकतो. मेलेले मूल घेऊन ती तथागतांकडे गेली. ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आण, असे त्यांनी सांगितले. ही कथा मृत्यूची अटळता शिकवते, हे खरेच आहे. मला आता त्यात आणखी एक गोष्ट दिसते. तथागतांनी तिला उपदेश करून परत पाठवले नाही. त्यांनी तिला दारोदार पाठवले. प्रत्येक दारात तिला तिच्यासारखेच दुःख सोसलेला माणूस भेटला. विनयपिटकातला तो प्रसंगही आठवा. पोटाच्या विकाराने आजारी असलेला एक भिक्षू स्वतःच्या घाणीत पडला होता, कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आणि आनंदाने त्याला स्वतः धुतले, उचलून निजवले. मग भिक्षूंना बोलावून समजावले की इथे तुम्हाला आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? स्वतःचा दीप स्वतः व्हा, ही शिकवण आपल्याला प्रिय आहे. पण ज्यांनी ती दिली त्यांनीच कल्याणमित्राचे महत्त्वही सांगितले. या दोहोंत विरोध नाही. एका दिव्यावर दुसरा लावता येतो.

हे करता येण्यासारखे आहे काय? इतरांनी केले आहे. याच गाठीच्या रोग्यांची एक संस्था अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील कार्लाइल गावी १९८१ साली व्हर्जिनिया फिकेल या एका रोगी बाईंनीच काढली. आपल्या पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच नव्यांना आधार देतात.

आपल्या मंडळापुढे माझी मागणी लहान आहे. विहारात एक वही ठेवावी. ज्यांनी एखादा मोठा आजार सोसला आहे आणि दुसऱ्याशी बोलायची ज्यांची तयारी आहे, अशांनी स्वतःच्या संमतीने तीत नाव, आजार आणि फोन लिहावा. वही एकाच जबाबदार व्यक्तीकडे राहावी. आजार ही चव्हाट्यावरची गोष्ट नव्हे. विद्यार्थी मित्रांनी आळीपाळीने रुग्णालयात सोबत जावे. रांगेत उभे राहणे, कागद सांभाळणे, डॉक्टर बोलतील ते लिहून घेणे, एवढे पुरे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयांत आरोग्यमित्र नेमलेले असतात. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन त्यांना भेटावे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ते सांगणारा कोणीतरी बरोबर हवा.

आणि एक विनंती. संध्याकाळी कोणी भिंत धरून जिना चढताना दिसला तर लगेच तर्क करू नका. त्याच्या उजव्या बाजूला जा, हात द्या, आणि विचारा, "काय होतंय?" ऐकू आले नाही तर डाव्या बाजूने पुन्हा विचारा.

त्या वहीतले पहिले नाव माझे लिहून घ्यावे, अशी कार्यकर्त्यांना विनंती करतो आणि आपली रजा घेतो.

जयभीम! नमो बुद्धाय!