टायरचं वय विचारा

माझी मुलगी जर्मनीत राहते. ऑक्टोबर लागला की तिचा फोन येतो, "बाबा, आज गाडीचे टायर बदलून आणले." टायर झिजलेले नसतात, तिथे उन्हाळ्याचे वेगळे, हिवाळ्याचे वेगळे. पारा साधारण ७ अंशांखाली गेला की उन्हाळी टायरचं रबर कडक होऊन पकड सुटू लागते. हिवाळी टायर थंडीतही मऊ राहतो. बाराही महिने चालणारा टायरही मिळतो. पण कडक थंडीत आणि कडक उन्हात तो थोडा कमीच पडतो.

मी हसून म्हणायचो, "आमच्या शिरपूरला कसला बर्फ गं!" आपल्या वाशीम जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. हिवाळी टायर इथे भराभर झिजेल. गाडीसोबत आलेल्या मापाचा, उन्हाळा सोसणारा टायरच आपल्याला बरा. म्हणजे काळजी मिटली, असं मी समजत होतो.

मग एका मे महिन्यात भर दुपारी रिसोडच्या वाटेवर मागचा टायर फुटला. गाडीत नातवंडं होती. वेग कमी होता म्हणून निभावलं. पंक्चरवाल्यानं टायर फिरवून दाखवला. नक्षी शाबूत, पण कडेला बारीक भेगा. "काका, हा नऊ वर्षांचा आहे." गाडी बहुतेक दारातच उभी असायची, म्हणून मी टायर नवाच धरून चाललो होतो!

हे वय टायरवरच लिहिलेलं असतं. 'डीओटी'च्या ओळीतले शेवटचे चार आकडे पाहा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराला दाखवा. स्टेपनीही विसरू नका.

दुसरी गोष्ट हवेची. हवा कमी असली की टायर चालताना सारखा दबतो, तापतो आणि फुटतो. म्हणून सकाळी टायर थंड असताना, दारापाशी चिकटवलेल्या तक्त्याप्रमाणे हवा भरा. तापलेल्या टायरमधली हवा कमी करू नका.

तिसरी गोष्ट पावसाळ्याची. पाणी बाहेर फेकतात त्या खाचा. त्या १.६ मिलिमीटरवर आल्या की टायर बाद.

आता समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. तिथे कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. रिसोडच्या वाटेवर मला मिळाली तशी सवलत त्या वेगात मिळत नाही. अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला दूरदूरहून गाड्या शिरपूरला येतात. परतीला निघताना दोन मिनिटं खाली वाकून टायरचं वय तेवढं पाहा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)